मागच्या खोलीतली रेंज

शनिवार-रविवारी दुपारची जेवणं आटोपली की पौर्णिमा मागच्या खोलीत जाऊन दार लावायची आणि थोड्याच वेळात मरायची. त्या मरणात तिची काडीचीही चूक नसायची. समोर शत्रू उभा, नेम बरोबर त्याच्या छातीवर, बोटानं गोळी सोडायची तेवढी बाकी, आणि नेमकं तेव्हाच मोबाईलच्या पडद्यावरचं सगळं जग थिजून जायचं. पळणारा माणूस एका पायावर उभा राहायचा. पुन्हा हलायला लागायचं तेव्हा पौर्णिमा जमिनीवर आडवी पडलेली असायची आणि शत्रू तिची बंदूक उचलून चालता झालेला असायचा. हेडफोनमधून पायलचा आवाज यायचा, ताई, तुमी काय करून राहिल्या. आता काय सांगणार? गोळी तिनं झाडली होती, ती वाटेत कुठंतरी अडकली होती.

पौर्णिमा चाळिशीला आलेली. अमरावतीच्या एका सरकारी कार्यालयात लिपिक, आणि राहायला अकोल्यात, जठारपेठेतल्या एका गल्लीत. सकाळची गाडी पकडून बडनेऱ्याला उतरायचं, तिथून ऑटोनं अमरावती, दिवसभर टेबलापाशी लोकांचं ऐकून घ्यायचं आणि संध्याकाळी तोच रस्ता उलटा. गाडीत बसायला जागा मिळाली तर तो दिवस चांगला म्हणायचा. घरी आलं की कणीक वाट पाहत असायची. नवरा स्वप्निल औषधांच्या ठोक दुकानात कामाला. माणूस वाईट नव्हता, पण प्रत्येक कामाला "पाहतो" म्हणायचा आणि पाहायचा नाही. सासूबाई जाईबाईंचे गुडघे गेलेले. मुलगी दीक्षा शिकायला नागपूरला.

हा खेळ दीक्षाचाच. गेल्या दिवाळीत सुटीला आली तेव्हा तिनं तो आईच्या मोबाईलवर टाकून दिला, दोन दिवस शिकवला आणि निघून गेली. पोरगी गेली, खेळ राहिला. चार जणांची एक टोळी, अशा पुष्कळ टोळ्या एका बेटावर उतरतात, एकमेकांना मारतात आणि शेवटी जी टोळी उभी राहील ती जिंकली. नाव टाकायची वेळ आली तेव्हा पौर्णिमाला काही सुचेना, म्हणून तिनं "पऱ्हाटी" टाकलं. आपल्याकडं कपाशीच्या झाडाला म्हणतात ते. बापाचं कौंडण्यपूरकडं थोडं वावर होतं, त्यात पऱ्हाटी असायची आणि कडेला ज्वारी. लहानपणी ज्वारीची राखण तिच्याकडे असे. माळ्यावर चढून, गोफण मांडीवर ठेवून ती तासन् तास पाखरांची वाट पाहत बसायची. या खेळातही तिनं तेच काम घेतलं. बाकीचे तिघं पुढं धावायचे आणि पऱ्हाटी मागं उंचावर बसून त्यांची राखण करायची. धावाधाव करायला पोरं मिळतात. न हलता बसणारं माणूस मिळत नाही. पायलला ते फार लवकर समजलं आणि तिनं पऱ्हाटीला आपल्या टोळीत कायमची घेतली.

पायल म्हणजे टोळीची कॅप्टन. अमरावतीत क्लास लावून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पोरगी. पौर्णिमाच्या कार्यालयापासून तिची खोली फार लांब नसावी, पण दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं आणि पाहायची गरजही वाटली नव्हती. त्या टोळीत पौर्णिमाला कुणी चहा मागत नव्हतं, कुणाची फाईल तिच्याकडे अडकलेली नव्हती. "ताई, तुमी मागं आहा ना? मग आमी जातो," एवढंच पायल म्हणायची, आणि ते ऐकून पौर्णिमाच्या आठवडाभराच्या शिणलेल्या अंगात जीव यायचा. जगात तिच्या भरवशावर पुष्कळ लोक होते, पण तसं तोंडानं म्हणणारी ही एकटीच.

घरात मात्र तिनं सांगितलं होतं की कार्यालयाची ऑनलाइन मीटिंग असते. खरं सांगितलं असतं तर कुणी खाऊन टाकलं नसतं. पण चाळिशीची बाई मोबाईलवर बंदूक चालवते हे समजावून सांगायलाही अंगात जोर लागतो, आणि तो तिच्याकडे शनिवारपर्यंत उरत नसे. मीटिंग म्हटलं की प्रश्न मिटायचे. सरकारनं शनिवार-रविवारची सुटी दिली आणि साहेबांनी ती काढून घेतली, असं जाईबाई आल्यागेल्याला सांगायच्या आणि साहेबांना दोन शिव्या द्यायच्या. शेजारच्या सुंदराबाईंच्या घरात तर पौर्णिमाचा साहेब आता राक्षस म्हणूनच ओळखला जात होता. तो बिचारा रविवारी आपल्या घरी झोपलेला असायचा.

हे सगळं हिवाळाभर झकास चाललं. बिघडलं ते उन्हाळा लागल्यावर. शनिवारी-रविवारी खेळ सुरू केला की थोडा वेळ ठीक चालायचा, आणि मग अडकायचा. आणि नेमकी याच वेळी पायलनं टोळीचं नाव एका स्पर्धेत घातलं. वऱ्हाडातल्या टोळ्यांची स्पर्धा, मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दुपारी. पायलनं फार गोडीनं, पण स्पष्ट सांगितलं होतं. "ताई, तुमच्यासारखं मागं कोणी बसत नाई. पण नेट असंच अडकत राहिलं तं मी आरतीले घेईन. राग मानू नका." आरती म्हणजे पायलच्याच क्लासमधली कुणी पोरगी. पौर्णिमानं राग मानला नाही. त्या दिवसापासून मात्र ती घरातल्या नेटच्या मागं लागली.

मागं लागली म्हणजे हात धुऊन लागली. आधी सगळे करतात ते केलं: भिंतीवरचा राऊटर बंद करून पुन्हा चालू केला. मग नेटचा वेग मोजला. वेग भरपूर होता. यूट्यूबवरच्या एका पोरानं समजावलं की खेळाला वेग लागत नाही, ये-जा लवकर व्हावी लागते. नळाला धार जाडजूड आहे पण ती थांबून थांबून येते, तर उपयोग काय. अकोल्यात राहणाऱ्याला हे दोनदा सांगावं लागत नाही. या ये-जा करण्याच्या वेळेला पिंग म्हणतात आणि तो आकडा खेळाच्या कोपऱ्यात दिसतो हेही तिला समजलं. आकडा हिरवा असला की निभतं, लाल झाला की मरण. सकाळी स्वयंपाक करता करता ती मागच्या खोलीत जाऊन पाहायची, हिरवा. संध्याकाळी पाहायची, हिरवा. फक्त तिच्या दुपारीच लाल.

केबलवाल्या बंडूला बोलावलं. तो उन्हाच्या आत, सकाळीच आला, चहा प्याला, तार काढून पुन्हा बसवली आणि सगळं बरोबर आहे म्हणाला. बरोबर होतंच, सकाळ होती. दुपारी का बिघडतं असं विचारल्यावर त्यानं वर आभाळाकडं बोट दाखवलं. एवढ्या उन्हात माणूस चालत नाही तर तार कशी चालेल, असं त्याचं शास्त्र. मग स्वप्निलला सांगून त्याचं क्रिकेट बंद करून पाहिलं. त्यासाठी त्याला दोन रविवार तोंड फुगवून बसावं लागलं. आजूबाजूच्या घरांचे राऊटर एकमेकांच्या वाटेत येतात म्हणून तिनं आपल्या राऊटरचा चॅनल बदलून पाहिला. काही फरक नाही. बैठकीच्या खोलीत राऊटरखाली बसून खेळावं तर तिथं जाईबाई. तार ओढून मागच्या खोलीत न्यावी तर ती कशाला, हा प्रश्न येणार. गच्चीवर मोबाईलची स्वतःची रेंज यायची, पण मे महिन्यात दुपारी अकोल्याच्या गच्चीवर बसून जिवंत राहणं हाच एक वेगळा खेळ होता.

पौर्णिमा रोज गाडीत उभ्या उभ्या या विषयावरचे व्हिडिओ पाहायची. बडनेरा आलं तरी कळायचं नाही. थकून येणाऱ्या माणसानं विसाव्यासाठी काही करावं आणि त्या विसाव्याचीच नोकरी होऊन बसावी, तसं तिचं झालं. टेबलावर काम, घरात काम, आणि आता हे तिसरं. कधी वाटायचं, सोडून द्यावं. आरतीला बसू द्यावं मागं. पण मग शनिवारपर्यंत पोचायचं कशाच्या जोरावर?

अशात तिचा संशय जाईबाईंवर गेला.

त्याला कारण होतं. म्हातारी हल्ली मोबाईलवर फार असायची. धाकटी बहीण लीलाबाई कौंडण्यपूरजवळच्या गावात. रविवारी दुपारी दोघींचा व्हिडिओ कॉल ठरलेला. शिवाय भन्तेजींची प्रवचनं, भीमगीतं, कुणाचं काय. जाईबाईंच्या फोनमध्ये नेटचं रिचार्ज नव्हतं, सगळं घरच्या वायफायवर. पौर्णिमाला आता राऊटरला कोणकोणते फोन जोडलेले आहेत ते आपल्या मोबाईलवर पाहता येत होतं, आणि त्यातला एखादा तिथूनच अडवताही येत होता. एका शनिवारी मरण आलं, पायल नुसता सुस्कारा टाकून निघून गेली, आणि पौर्णिमानं रागाच्या भरात जाईबाईंचा फोन अडवून टाकला. बोट टेकवलं, झालं. दुपारपुरतंच, असं तिनं मनाला सांगितलं. रात्री पुन्हा सोडायचं ठरलं होतं. रात्री भांडी होती, धुणं होतं, ती विसरली. मग आठवलं तेव्हा तिनं विचार केला, म्हातारी काही म्हणत नाही, तर राहू दे स्पर्धेपर्यंत.

जाईबाई खरंच काही म्हणाल्या नाहीत. फोन उलटासुलटा करून पाहायच्या, स्वप्निलपुढं धरायच्या. तो पाहतो म्हणायचा.

त्याच्या पुढच्या आठवड्यात, रविवारी, पौर्णिमा दुपारी पाणी प्यायला बाहेर आली तेव्हा जाईबाई लाल काठाचं नवं लुगडं नेसून, केस विंचरून बैठकीत बसल्या होत्या आणि फोन समोरच्या स्टुलावर तांब्याला टेकवून ठेवला होता. पौर्णिमाला वाटलं, विहारात जाऊन आल्या असतील. तिच्या डोक्यात पिंग होता, खोलीत आणखी काय कुठं आहे ते तिनं पाहिलंही नाही. फोन अडवूनही आकडा लालच होता, म्हणजे चोर हा नव्हताच. तरी तिनं तो सोडला नाही. पाणी पिऊन ती परत आत गेली आणि दार लावून घेतलं.

त्या संध्याकाळी तिनं नेहमीसारखी फरशी पुसली. घरात लोखंडी कूलर होता, चाकांच्या स्टँडवरचा, तिन्ही बाजूंना वाळा भरलेला, टाकीत पाच-सहा बादल्या पाणी मावेल एवढा. तो बाहेरच्या दारापाशी उभा असायचा आणि तिथून बैठकीत हवा फेकायचा. हल्ली शनिवार-रविवारी संध्याकाळी फरशीवर पाण्याची ओली रेघ दिसायची. टाकी गंजली, आतून डांबर लावायला पाहिजे, असं ती स्वप्निलला सांगून थकली होती. ती रेघ दारापासून निघून मागच्या भिंतीपर्यंत जाते, हे तिला दिसत होतं आणि दिसत नव्हतं. दिवसभराच्या शेवटी ओणवं होऊन फरशी पुसणाऱ्या बाईला पाणी कुठून कुठं गेलं याच्याशी कर्तव्य नसतं. पाणी पुसायचं असतं.

स्पर्धेचा रविवार उजाडला. तीन सामने होते. पौर्णिमानं सकाळीच सगळं उरकलं, वांग्याची भाजी, भाकरी, वरण, भात. स्वप्निल जेवून मित्राकडे गेला. तिनं जाईबाईंना सांगितलं की आजची मीटिंग फार महत्त्वाची आहे. "कर बापा," जाईबाई म्हणाल्या, "तुह्या साहेबाले सुटी नाई अन् तुलेबी नाई."

मागच्या खोलीवर टिन होतं. ही खोली नंतर अंगणात काढलेली, त्यामुळे बैठकीची जुनी खिडकी आता दोन खोल्यांच्या मधोमध उरली होती. तिला काच नव्हती, नुसते गज आणि जाड पडदा. पौर्णिमा त्या खिडकीखालीच बसायची, कारण भिंत जुन्या विटांची, हातभर जाड, आणि रेंज यायची ती त्या खिडकीतूनच, हे तिनं केव्हाच शोधून काढलं होतं. तिनं हेडफोन चढवले. आकडा हिरवा. पायलनं विचारलं, "ताई, मागं?" ती म्हणाली, "मागं आहे, जा." आणि टोळी उतरली.

पहिला सामना अर्ध्यापर्यंत फार छान गेला. एका पडक्या घराच्या गच्चीवर पऱ्हाटी आडवी पडून होती, खालून तिघं सरकत होते, आणि तिनं दोघा शत्रूंना असं टिपलं की पायल खुशीत हसली. त्या हसण्यानं पौर्णिमाला भरून आलं. मग आकडा पिवळा झाला. मग लाल. जग थिजलं, सुटलं, पुन्हा थिजलं, आणि पऱ्हाटी मेली. तिच्यामागून राखण नसलेले तिघंही मेले.

पायल म्हणाली की दुसरा सामना पाहू. आवाजात गोडी उरली नव्हती.

दुसऱ्या सामन्यात आकडा पहिल्यापासूनच लाल. पौर्णिमा जमिनीवर उतरलीही नव्हती, आभाळातच पॅराशूटला लटकली होती, आणि खाली टोळीवर गोळ्या सुरू झाल्या होत्या. तिनं हेडफोन काढून गादीवर फेकले. रडू येईल असं वाटलं. तेवढंही आलं नाही.

हेडफोन निघाले आणि तिला घरघर ऐकू आली. डोक्याशीच, अगदी जवळ. तिनं मान वळवून पडदा बाजूला केला. खिडकी बंद झाली होती. गजांच्या पलीकडं, चौकट गच्च भरून, कूलर उभा होता. लोखंडाचा पत्रा, ओला वाळा, खाली तुडुंब टाकी, आणि त्याच्याही पलीकडं कुठंतरी भिंतीवर राऊटर. व्हिडिओतला पोरगा सांगत होता, लोखंड आणि पाणी, रेंजचे दोन वैरी. महिनाभर जे शोधत होती ते तिच्या पाठीशी टेकून उभं होतं, आणि थंडगार हवा तिच्या मानेवर येत होती. ती हवा येते हे तिला कधीपासून माहीत होतं. बैठकीतलीच हवा इकडं झिरपते, असं तिनं धरलं होतं.

ती दार उघडून बाहेर आली ती भांडायच्या तयारीनं. कूलर इथं कुणी आणला, हे शब्द ओठावर होते.

बाहेरच्या दारापाशी, रोज जिथं कूलर असायचा तिथं, जाईबाई चटईवर बसल्या होत्या. डोक्यावर ओला टॉवेल, हातात जुनं वर्तमानपत्र, त्यानं वारा घेत होत्या. छताचा पंखा बंद होता. तो फिरताना कटकट वाजतो, मीटिंगमध्ये आवाज जायला नको. टीव्हीवर चित्र चालू होतं, आवाज नव्हता. दारातून गरम झोत येत होता आणि म्हातारीचं तोंड तांबडंलाल झालं होतं. तिच्या पायांपासून खिडकीपर्यंत फरशीवर पाण्याची रेघ होती.

"झाली का मिटिंग?" जाईबाईंनी विचारलं. मग सुनेची नजर कूलरकडं गेलेली पाहून त्या जरा ओशाळल्या. दर खेपेला त्या तिचा बोलण्याचा आवाज थांबला की कूलर परत ढकलून जागेवर आणत, आज सापडल्या.

"आई, तुमच्या गुडघ्यांनी हा कूलर ढकलता तुम्ही?" पौर्णिमाच्या तोंडून वेगळेच शब्द निघाले.

"चाकं हायेत त्याले. चालते हळूहळू." जाईबाई म्हणाल्या. "त्या खोलीवर टिन हाय वं. तू हप्ताभर गाडीत उभी ऱ्हायते, अन् सुटीच्या दिवशीबी त्या भट्टीत बसून काम करते. माह्यं काय, बसल्या जागी दिवस जाते."

पौर्णिमा भिंतीला टेकली. आता खोटं बोलण्याइतकाही जोर तिच्यात नव्हता. "मिटिंग नसते आई," ती म्हणाली. "मी गेम खेळते. मोबाईलवर. बंदुकीचा."

जाईबाईंनी वर्तमानपत्र हलवायचं थांबवलं. थोडा विचार केला. "तरीच," त्या म्हणाल्या. "म्या म्हनलं, हापिसात इतका झगडा काहून चालते."

पौर्णिमा कूलरकडं वळली. तिनं सांगितलं की कूलर मी परत तुमच्याकडं आणते, मला नको. जाईबाईंनी तिच्याकडं असं पाहिलं, जसं तीच काही खुळ्यासारखं बोलली.

"काहून?" त्या म्हणाल्या. "खेळणाऱ्याले गरमी नाई होत काय?"

पौर्णिमानं कूलर ढकलत दारापाशी आणला. सोपा नव्हता, तिलाच धाप लागली. पंखा लावला. आतून मोबाईल आणला आणि जाईबाईंच्या शेजारी, कूलरच्या हवेत, राऊटरच्या अगदी खाली चटईवर बसली. कोपऱ्यातला आकडा एवढा हिरवा तिनं कधी पाहिला नव्हता. त्याच्याखाली पायलचा निरोप होता. तिसऱ्या सामन्याला आरतीला घेतलं आहे, ताई राग मानू नका, पुढंही आता तीच राहील. पौर्णिमानं तो वाचला आणि "बरं" असं लिहून पाठवलं. ते लगेच गेलं.

"खेळ ना," जाईबाई म्हणाल्या. "मी काय म्हनत नाई."

आता कुणासोबत खेळू, असं पौर्णिमाच्या अगदी तोंडावर आलं होतं. पण "संपलं," एवढंच ती म्हणाली.

"मंग तुले मोबाईलचं समजतेच, तं हे पाय ना." जाईबाईंनी मांडीवरचा फोन पुढं केला. "दोन हप्ते झाले, नेट येत नाई. स्वप्निलले म्हनलं, तो पाहतो म्हने. तुले सांगावं वाटे, पन तू कामात. लीलीच्या नातीचं बारसं होतं मागच्या रविवारी. फोनवर दाखवतो म्हने, तुले यायची गरज नाई. मी लुगडं नेसून बसली, अन् याच्यात नुसतं गोल गोल फिरे. आता लीली रुसून बसली. पोरीचं नाव बी सांगत नाई. म्हने, आधी तिचं तोंड पाय, मंग सांगतो."

तांब्याला टेकवलेला फोन, लाल काठ, विंचरलेले केस, सगळं पौर्णिमाच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. पाणी पिऊन आपण दार लावून घेतलं होतं तेही. तिनं जाईबाईंचा फोन हातात घेतला, पण त्याला काही केलं नाही. आपल्या फोनवर बोट टेकवलं, जसं त्या शनिवारी टेकवलं होतं.

जाईबाईंचा फोन टणटण वाजू लागला. दोन आठवड्यांचे निरोप एकामागून एक येऊन पडले. फुगे, पाळणा, बुद्धवंदनेला बसलेली माणसं, आणि कपड्यात गुंडाळलेलं एवढंसं तोंड. जाईबाईंनी फोन ओढूनच घेतला आणि लगेच लीलाबाईंना कॉल लावला. पहिल्या घंटीला उचलला गेला. जय भीम झालं, रुसवा काढून झाला, आणि जाईबाई मोठ्या तोऱ्यात म्हणाल्या, "आमच्या पौर्णिमानं दुरुस्त केला. हात लावला अन् चालू झाला पाय." आणि त्यांनी फोन सुनेकडं वळवला.

पडद्यावर लीलाबाई होत्या, मांडीवर नात. चित्र स्वच्छ होतं, कुठंही अडकत नव्हतं. लीलाबाईंनी कौतुकानं विचारलं की काय झालं होतं वं पोरी फोनले.

"मीच बंद केला होता, मावशी," पौर्णिमा म्हणाली. "माझ्या खेळासाठी. मग विसरली. मग आठवलं, तरी सोडला नाही."

पलीकडं काहीच हललं नाही. लीलाबाईंचं तोंड अर्धवट उघडं तसंच राहिलं आणि क्षणभर पौर्णिमाला वाटलं, पुन्हा अडकलं. पण लीलाबाईंच्या मागं पंखा फिरत होता. मांडीवरचं बाळ पाय हलवत होतं. जाईबाईंच्या हातातला फोन थोडा खाली झुकला होता.

मग त्यांनी तो आपल्याकडं वळवून घेतला. सुनेकडं पाहिलं नाही.

"लीले," त्या म्हणाल्या, "पोरीचं नाव काय ठेवलं, ते सांग आता."